वाकड्या गल्लीतला दूधकट्टा

वाकडी गल्ली, कोल्हापूर
३ जून २०२४

ती. आक्कास,
धैर्यशीलचा शि. सा. न. वि. वि. साष्टांग मनातल्या मनात घातलाय, गोठा अजून झाडायचा आहे.

फोन करत नाही, कारण तुझ्या सासरी फोन स्पीकरवर टाकून सगळं घर ऐकतं. मागच्या वेळी मी शांभवीचं नाव काढलं आणि पलीकडनं तुझ्या सासूबाई खोकल्या. तेव्हा आता पत्रच.

आपली शाळा पाडली. रविवारी सकाळी जेसीबी आला, दुपारी जेवायच्या वेळेला खेळ खलास. मी समोरच्या पायरीवर बसून होतो. वर्ग पडले त्याचं काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. त्या वर्गांत मी मारच खाल्लाय. पण शेवटी गल्लीकडची भिंत काढली, आपल्या कट्ट्याची, तेव्हा पायरीवरनं उठलो. रोज संध्याकाळी म्हशींनी अंग घासून घासून ती छातीएवढ्या उंचीपर्यंत काळी, तुळतुळीत झालेली. पणजोबांच्या म्हशींपासूनचं ते पॉलिश. जेसीबीवाल्यानं एका दणक्यात आडवी केली आणि तंबाखू मळायला लागला.

संध्याकाळी आबांनी गिऱ्हाइकांसमोर धार काढून द्यायला नेहमीसारख्या म्हशी कट्ट्यावर काढल्या. भिंतीच्या जागी निळा पत्रा ठोकलाय. मैना त्याला बघून फुरफुरली आणि पान्हाच सोडेना. आबा कासेला हात लावून बसलेले, मागं ग्लास घेऊन गिऱ्हाईकं ताटकळलेली. तालमीतल्या एकानं आबांना सांगितलं, की मामा, म्हशीचा दाखला काढा आणि दुसऱ्या शाळंत घाला. मी त्याची गचांडी धरली. आबांनी शिव्या मलाच घातल्या.

आता मुद्द्याचं. शाळेच्या संस्थेचे सेक्रेटरी कोण, तर अमरेशकाका, शांभवीचे वडील. शाळेत पोरं उरली नव्हती हे खरं. पण तिथं, कट्ट्याच्या जागेसकट, आता दुकानांचं संकुल होणार. आमच्या कट्ट्याचं काय, असं विचारल्यावर काका म्हणाले, बघू की, कायतरी सोय करू. हे कायतरी म्हणजे काय ते कोण सांगत नाही. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडल्यापासून माझ्याकडं कट्ट्याशिवाय आहे काय? तो गेला तर त्यांच्या दारात पोरगी मागायला कुठल्या तोंडानं उभा राहू? आपण मराठे, ते लिंगायत, माझं शिक्षण अर्धं, आणि धंदा विचारला तर होता म्हणून सांगू?

शांभवी म्हणते, थांब. ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि संकुलाचा नकाशा ज्या ऑफिसात होतोय तिथंच शिकाऊ म्हणून बसते. मी आत आहे तोवर काळजी करू नको, म्हणते. म्हणून थांबलोय. मला थांबणं किती जमतं ते तुला माहीतच आहे.

दाजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा शाबूत ठेव, इकडं सगळंच पाडायला काढलंय.

तुझा,
धैर्यशील

&nbsp;

चंदगड
१४ जुलै २०२४

चि. धैर्यशील यास,
अनेक आशीर्वाद, आणि गचांडी धरल्याबद्दल एक धपाटा. सासूबाईंना खरंच खोकला झालेला, तुझ्या शांभवीसाठी कुणी खोकत नाही.

तुझं पत्र वाचून स्वयंपाक करपवला. सातवीत माझा बाक त्या भिंतीला लागून होता. शेवटच्या तासाला पलीकडं म्हशी येऊन उभ्या राहायच्या. शिंग घासल्याचा आवाज आला की आम्ही दप्तर भरायला घ्यायचो, मग बाई काहीही शिकवत असू देत. आजोबा सांगायचे, कट्टा शाळेच्या आधीचा. शाळा बांधताना पहिल्या हेडमास्तरांनी पणजोबांना बोलावून सांगितलं, की घंटा होईपर्यंत भिंत माझी, घंटा झाल्यावर तुमची. त्या बाजूला खिडक्या ठेवल्या नाहीत त्या म्हशींसाठी. एवढ्या वर्षांत त्यावरनं कधी भांडण झालं नाही.

आणि महापुराचं साल आठवतंय का? गोठ्यात पाणी शिरलं तेव्हा शिपाई बायडाबाईंनी कुणाला न विचारता कुलूप काढलं आणि सातवीच्या वर्गात म्हशी बांधल्या. तेव्हा हेच अमरेशकाका कडब्याच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातनं आलेले. माणूस वाईट नाही रे. पण वाईट नसलेल्या माणसाशी भांडणं अवघड असतं, हे तुला कळायचं नाही.

कॉलेजचं एकदाच बोलते. शांभवीचा व्हिडिओ काढणाऱ्या पोराला तू कानफटवलंस ते मला आवडलं. पण दोन ओळींची माफी लिहून दिली असतीस तर आज पदवी हातात असती. ती पोरगी तुझ्यासाठी ऑफिसात बसून झगडते आणि तू गल्लीत बसून. फरक बघ.

आबांना गुडघ्याला तेल लाव म्हणावं. राग कमी कर, पत्रं वाढव.

तुझी,
आक्का

&nbsp;

वाकडी गल्ली
२ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
सा. न. वि. वि. आज राग नाही, त्यामुळं पत्र लहान होईल.

काल शांभवी ऑफिसातल्या दोघांना घेऊन गोठ्यात आली. आबांना मैनेजवळ बसवून चारी बाजूंनी फोटो काढले. टेप लावून मैनेची लांबी घेतली, उंची घेतली, आबा उकिडवे बसले की किती जागा लागते तेही मोजलं. आबांनी विचारलं, आणि बाकीच्या म्हशींचं माप? शांभवी हसली, म्हणाली, मामा, एक पुरे. आबांनी तिचा अर्थ लावला, की एका म्हशीचं माप घेतलं म्हणजे बाकीच्यांचा हिशेब त्यावरनं करतील. इंजिनीअर लोकांचं असंच असतं म्हणे. रात्री जेवताना आईला सांगत होते, की अमरेश शब्दाचा हाय, जागा सोडतोय बघ.

मी शांभवीला विचारलं तर म्हणाली, दिवाळीच्या पाडव्याला उद्घाटन आहे, तोवर काही विचारू नको, तुला आवडेल असं केलंय. आक्का, ती माझ्याकडं बघून असं काही म्हणाली की मला पुढचं सुचत नाही. मग मी आणखी विचारलंच नाही.

पत्रा अजून आहे. निम्मी गिऱ्हाईकं पिशवीच्या दुधावर गेली. पण पाडव्यापर्यंत दम काढू.

लोभ ठेव, आणि लग्नाला कुठली साडी नेसायची ते ठरव.

धैर्यशील

&nbsp;

वाकडी गल्ली
२४ ऑक्टोबर २०२५

आक्का,
आज मायना नाही. भाऊबीजेला तू आली नाहीस ते बरं झालं.

पाडव्याला म्हशी सजवायचा आपला रिवाज. आबांनी मैनेला घासून पुसून तेल लावलं, शिंगं रंगवली, गळ्यात कवड्या, कपाळाला मोरपीस. स्वतः नवा फेटा बांधला. ग्लास धुऊन बादलीत घेतले. पहिलं दूध अमरेशकाकांना द्यायचं, असं ठरवून आम्ही वाजतगाजत गेलो.

आत अंगण आहे. चकचकीत फरशी, आणि मधोमध कापड झाकलेलं काहीतरी. रखवालदारानं दारातच हात आडवा केला. म्हणाला, पावणं, जनावर भाईर. फरशीवर शेण पडलं तर काढायचं कुणी? मी त्याच्या अंगावर जायच्या आत काका आले, आबांचा हात धरून आत घेऊन गेले. मैना दाराबाहेर, पण आबांनी तिचं दावं सोडलं नव्हतं. फोटोत ते मधे येत होतं. तेव्हा शांभवी पुढं आली, आबांच्या हातातनं हळूच दावं घेतलं आणि मैनेला घेऊन रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

कापड ओढलं. आक्का, आबांचा पुतळा! फायबरचा. उकिडवे बसलेले, समोर मैना. मैनेचं एक शिंग मोडकं आहे, तिथं दोन्ही धड. आबांना गोरं केलंय. पाठीमागं भिंत बांधून तिला काळा तकाकणारा रंग मारलाय, छातीएवढ्या उंचीपर्यंत. खाली पाटी, की इथं पूर्वी दूधकट्टा भरत असे. पूर्वी! आबांना शाल-नारळ दिला. सगळे टाळ्या वाजवतायत आणि आबा त्या पाटीकडं बघतायत. मग त्यांनी काकांना विचारलं, व्हय, ही झालं, आमी उभं कुठं ऱ्हायाचं? काका म्हणाले, आकाराम, तू आता कायमचा हितंच हाईस की. लोक हसले. प्रेमानं हसले, ते आणखी वाईट.

मी बाहेर गेलो. भर गल्लीत शांभवीला म्हणालो, की त्या पुतळ्याशीच लगीन लाव. तिनं दावं माझ्या हातात दिलं. तिच्या तळव्याला वळ उठले होते.

धैर्यशील

&nbsp;

कोल्हापूर
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय संयोगिताताई,
सप्रेम नमस्कार. तुमचा पत्ता तुमच्या आईंकडून घेतला. तुमच्या भावाला मी लिहिलेलं तो वाचणार नाही, म्हणून तुम्हाला.

पहिल्या नकाशात त्या जागी गाड्यांचं पार्किंग होतं. बाकी काहीच नव्हतं, पाटीसुद्धा नाही. मी म्हशींसाठी जागा मागितली तर आमचे अप्पा म्हणाले, दुकानं घेणारे परत जातील. चार महिने मी घरात आणि ऑफिसात वाद घातला. जिवंत कट्टा मिळणार नाही हे कळल्यावर निदान आठवण तरी मागितली, आणि ती मिळाली. मला वाटलं, मामांचा मान राहील. मला वाटलं, त्यालाही ते दिसेल. माप घेताना मामा काय समजून बसलेत ते माझ्या लक्षात आलं नाही, याची मला फार लाज वाटते.

हुबळीचं एक स्थळ आलंय. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला मला कारण हवंय. तुमच्या भावानं एकदा घरी यावं आणि अप्पांशी बोलावं, न ओरडता. मी अप्पांना तयार केलंय. त्याच्या कामाचंही बघितलंय. बाकी तो आल्यावर.

माया असू द्या.

शांभवी

&nbsp;

चंदगड
११ नोव्हेंबर २०२५

चि. धैर्यशील,
आशीर्वाद नंतर. सोबत तिचं पत्र आहे, ते आधी वाच.

वाचलंस? आता दाढी कर, इस्त्रीचा सदरा घाल आणि जा. तिची चूक झाली, पण तिनं काहीतरी केलं तरी. तू काय केलंस, बोंबललास. तिच्या आजीच्या, नीलम्मा अज्जींच्या, पाया पड. काका काय म्हणतील ते शेवटपर्यंत ऐक. आवाज चढवलास तर मी तुझी आक्का नव्हे.

वाट बघते.

आक्का

&nbsp;

गडमुडशिंगी
३० नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास,
सा. न. वि. वि. वरचा पत्ता बघून दचकू नको, सांगतो.

तू सांगितलंस तसा गेलो. अज्जींच्या पाया पडलो, त्यांनी कन्नडमधे काहीतरी पुटपुटत गालावरनं हात फिरवला. चहा आला. शांभवी आतल्या दाराला टेकून उभी होती. काका लई चांगलं बोलले. म्हणाले, महापुरात तुझ्या बापाच्या म्हशीला मी कडबा घातलाय, तुमी काय परके न्हाय. जातीचंही म्हणाले, की ते बघता येईल, पोरीच्या फुडं माझं कुठं चालतंय? आक्का, मला वाटलं, झालं.

मग म्हणाले, पोराला काम मात्र पायजे. आणि काम त्यांनी आणलेलंच होतं. पुतळ्याजवळ बसायचं. फेटा बांधायचा. शनिवार-रविवारी बाहेरगावचे लोक येतात, त्यांना पूर्वी इथं दूध कसं काढायचे ते सांगायचं आणि मशीनमधलं गार मसाला दूध ग्लासात ओतून द्यायचं. संस्था पगार देणार. बापाच्या जागंवर पोरगा, किती शोभंल, म्हणाले.

मी शांभवीकडं बघितलं. ती हसत होती. खोटं नव्हे, खरंच आनंदानं. तिनंच सुचवलेलं ते, मला बसायला जागा मिळावी म्हणून. पुतळ्याचं तिनं मनावर घेतलं होतं तसंच माझंही घेतलं होतं. त्यात वाईट काय, हे तिला कुणी समजावून सांगूच शकलं नसतं, आणि मला तर समजावता येतच नाही.

मी ओरडलो नाही. चहा संपवला, कप बशीवर ठेवला आणि नको म्हणालो. कारण विचारलं तर म्हणालो, मला जमायचं नाही. जिन्यात शांभवी मागं आली. म्हणाली, ओरड की, भांड की माझ्याशी, असा गप काय चाललास? मी ओरडलो असतो तर ती थांबली असती, हे मला कळत होतं. पण ओरडायला आत काही उरलंच नव्हतं. तशीच तिला जिन्यात सोडून आलो.

हुबळीला होकार गेला म्हणून आईला बाजारात कळलं.

आबांनी मैना आणि आणखी एक ठेवली, बाकी विकल्या. इथं आईच्या चुलतभावाच्या रानात छप्पर घातलंय. सकाळ-संध्याकाळ मी दूध संकलनाला घालतो. तिथं सगळ्यांचं दूध एकाच टाकीत ओततात. आबा सोबत येतात, पण आत येत नाहीत, सायकल धरून बाहेर उभे राहतात. त्यांना कुणी काही विचारत नाही. परवा मात्र एका पोरानं त्यांना ओळखलं. म्हणाला, मामा, तुमी त्या पुतळ्यासारखंच दिसताय की. आबा म्हणाले, लोक म्हणतात खरं.

तू संक्रांतीला येणार म्हणतेस. स्टँडवरनं सरळ मुडशिंगीची गाडी धर. मी थांब्यावर असेन.

लोभाचं तू बघ. माझ्याकडचा सध्या संपलाय.

धैर्यशील