'मॉब'ची नोंद आणि मामाचं वाक्य

४ मार्च, कॅनबेरा

'मॉब' माझ्याकडे आला! फिलिप्पा — आमच्या शब्दकोशाची मुख्य संपादक — म्हणाली, "हा तुमच्या लोकांचा शब्द. नोंद तूच लिही." लिहीनच. या ऑफिसात तो माझ्याइतका कोणाला कळतो!

७ मार्च

जन्म लंडनचा, सतराव्या शतकातला. 'चंचल गर्दी' अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द, त्यांचं तोडून केलेलं रूप. शिवीच ती. पुढे बोटीतून ऑस्ट्रेलियात आला. गोऱ्यांनी तो मेंढ्यांच्या कळपाला लावला, मग त्याच नजरेनं आम्हाला. आणि आम्ही, इथल्या मूळच्या माणसांनी, तो उचलला, झटकला, घरात घेतला. आता आमच्यात अनोळखी माणूस भेटला की आधी विचारतात, "तुझा मॉब कुठला?" घर, गोत, जमीन — सगळं त्यात आलं.

हा अर्थ मी ठळक मांडणार.

१२ मार्च

नोंदीखाली द्यायला दाखला सापडला! १९७८ सालची जमीनहक्काची सभा, छापील वृत्तान्त. सरकारी साहेबानं विचारलं, तुम्ही एकूण किती? माझा मामा म्हणाला, "डोकी काय मोजता? आम्ही एकच मॉब. आलेले, न आलेले, आणि ती मागची टेकडी धरून."

वाक्य नोंदीत घेतलं, खाली त्याचं नाव टाकलं. नोंदीच्या पानाची प्रत मावशीला पाठवली. बघू दे भाचीचं काम.

२१ मार्च

मावसबहीण टिलीचा फोन. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का? मामाला जाऊन पाच महिने झाले. आणि तू नाव छापतेस?"

मावशीनं कागद पालथा घातला म्हणे. तेव्हापासून माझा विषय काढत नाही.

आमच्यात गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, लिहायचं नाही — घरचे ते नाव मोकळं करेपर्यंत. हे काय मला माहीत नाही? या वहीत तर मी 'मामा'च लिहिलंय! इथे हात विसरला नाही. तिथे विसरला.

मातीलाही गेले नव्हते. कोशाची घाई होती.

२२ मार्च

फिलिप्पाला म्हटलं, नाव काढायचंय.

"निनावी वाक्य कोशात जात नाही. नियम आहे."

"मग वाक्यही काढ."

"वेडी आहेस का? सगळ्या नोंदीत जीव आहे तो तेवढ्यातच!"

माहीत आहे. काढलं.

३० मार्च, मावशीकडे

ॲलिस स्प्रिंग्सहून चार तास, लाल धूळ. मावशी निखाऱ्यात रोटी भाजत होती. मान वर न करता म्हणाली, "आल्या कोशवाल्या बाई! मॉब म्हणजे काय ते सांगा. आमचं शिकायचं राहिलंय."

शेजारी बसले. "मातीला आले नाही, मावशी." आणि रडू फुटलं.

बराच वेळ ती रोटीवरची राख झटकत राहिली. मग मोठा तुकडा माझ्या हातात. "खा. रडून खारट करू नको."

वाक्य काढल्याचं सांगितलं. तिनं माझ्या चहात तिसरा चमचा साखर घातली — मी लहानपणी प्यायची तशी.

१६ जून

कोश छापून आला. अर्थ चोख. खाली दाखला नाही.

९ नोव्हेंबर

टिलीला मुलगा झाला. मावशीनं स्वतः फोन केला. "तुझ्या मामाचंच नाव ठेवलंय. आता मोकळं आहे. पहिल्यांदा तू लिही."

सिरिल.