काकडीचे बी आणि साडेचार बोटे

मी, दगडाबाई धुळाजी करांडे, वय त्र्याहत्तर, तालुका वडवणी, जिल्हा बीड, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. कान कमी झाले आहेत, नजर झालेली नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर त्याचे नाव इथेच लिहिले असते.

१. घर आणि विहिरीकडचे रान मुलगा बंकट यास. तो वडवणीत बियाण्यांचे दुकान चालवतो. घराच्या मागच्या भिंतीला त्याने गिलावा करू नये. गुळगुळीत भिंतीला गोवरी धरत नाही.

२. बँकेतली शिल्लक व कानातली फुले मुलगी स्वप्ना हिला. पासबुक उशीखाली आहे. हे तिला ठाऊक आहे, कारण मी झोपल्यावर तिने दोनदा माझी उशी सारखी केली आहे.

३. माझे गावरान काकडीचे बी. दरसाल चांगली काकडी वेलावर पिकू देऊन तिचे बी टिकावे म्हणून मी ओल्या शेणात दाबते आणि गोवरी भिंतीला थापते. माझे मधले बोट कडबाकुट्टीत अर्धे गेले, म्हणून माझ्या गोवरीवर साडेचार बोटे उठतात. दोन वर्षांपूर्वी महिनाभर दवाखान्यात राहून परतले, तर भिंतीवरच्या प्रत्येक गोवरीवर पाच बोटे.

बंकट म्हणाला, ऊन लागून तसे दिसत असेल. मी गोवरी फोडली. बियांच्या कडेला दुकानातल्या पाकिटबंद बियाला लावतात त्या औषधाचा गुलाबी रंग राहिला होता. सुनेला, मंगलला, बोलावून विचारले. ती खाली बघून म्हणाली, "आत्या, तुमच्या गोवऱ्या मीच चुलीत घातल्या. त्यात बी असतंय हे मला ठावं नव्हतं. मग यांनी पाकिटातलं बी धुऊन नव्या थापल्या."

तरी मी ते लावून पाहिले. काकड्या आल्या, सगळ्या एका मापाच्या, चवीला पाणी. त्यांचे बी धरून पुढच्या साली लावले तर एक वेल धड निघाला नाही. म्हणजे दरवर्षी दुकानात जाणे आले. कोणाच्या, ते लिहीत नाही. बी गेल्याचे दुःख आहेच, पण पोटच्या पोराने फसवले याचे जास्त आहे.

४. माझी धाकटी जाऊ मुक्ताबाई लिंबागणेशला असते. वीस वर्षांपूर्वी तिने भिंतीवरच्या माझ्या दोन गोवऱ्या पदराखाली नेल्या, तेव्हापासून मी तिच्याशी बोलले नव्हते. यंदा मान खाली घालून गेले. तिने काकडी कापून पुढे केली. देठाजवळचा तुकडा कडू लागला आणि मला रडू आले. तीच काकडी होती.

मुक्ता म्हणाली, "अक्का, मागून तुमी दिलं नसतं, म्हणून नेलतं."

खरे आहे. दिले नसते.

मुक्ताकडून मागून आणलेले ते बी आता मंगलला देते, कारण या घरात विचारल्यावर खरे तिनेच सांगितले. बंकटने त्याला हात लावू नये. आणि जी कोणी बी मागेल तिला मंगलने द्यावे, माझ्यासारखे करू नये.

वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून पहिली साक्ष मुक्ताबाईची घातली आहे. तिने तिचे आधीच नेले आहे.

लिहून देणार: दगडाबाई धुळाजी करांडे (सही)

साक्षीदार:
१. मुक्ताबाई विठ्ठलराव करांडे, लिंबागणेश (डाव्या अंगठ्याचा ठसा)
२. आदिनाथ सिदू काळकुटे, निवृत्त शिक्षक, वडवणी (सही)

स्थळ: वडवणी
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५