मागात अडकलेला हात

अप्पा,

गेल्या वर्षी सुनावणीसाठी पुण्याला गेले, ती तुम्ही शिवून घेतलेला काळा कोट घालून. मी वकील झाले म्हणून तुम्ही हौसेने कापड आणलंत आणि पोलीस लाइनीतल्या वर्दीच्या शिंप्याकडे टाकलंत. त्या भल्या माणसाने जन्मभर जे शिवलं तेच शिवलं, ताठ खांदे आणि झाकणाचे खिसे. सोलापूरच्या कोर्टात अजून मला चिडवतात, मॅडम, टोपी कुठं विसरलात? कोपरं विरली आहेत, तरी तो टाकवत नाही. कोट हातात देताना तुम्ही म्हणाला होतात, "कुणाला बी उलटा सवाल टाकताना ध्यानात ठेव, त्याच्या घरी पोरंबाळं हायत." तेव्हा ते मला मोठ्या मनाचं बोलणं वाटलं. पुढे वाटू लागलं की ती नुसती भीती होती, आणि तुमचा रागही आला. आता तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर वाटतं, दोन्ही होतं. माणसाच्या एकाच वाक्यात दोन्ही मावतं, हे कळायला मला फार वेळ लागला.

तुम्ही ठाण्याचे कारकून हवालदार. अक्षर असं की मोठ्या साहेबांच्या ऑफिसातही त्याचं नाव निघायचं, आणि त्यामुळेच एक काम कायमचं तुमच्या गळ्यात पडलं. ठाण्यातल्या कुणी मारहाण केली म्हणून एखाद्याने वरच्या ऑफिसात अर्ज केला, की तो अर्ज 'चौकशी करून अहवाल पाठवा' असा शेरा घेऊन खाली यायचा, आणि यायचा नेमका त्याच ठाण्यात. आपलेच दात आणि आपलेच ओठ. साहेब सांगायचे, तुम्ही लिहायचात: अर्जदाराच्या तक्रारीत तथ्य आढळून येत नाही. काम उरलं की रविवारी घरीही लिहायचात, ट्रंकेवर पाट ठेवून. मी शेजारी पालथी पडून तुमची अक्षरं पाटीवर गिरवायची. त्या वाक्याचा अर्थ मला कळत नव्हता, पण वळण सुंदर होतं. तुमच्यासारखं अक्षर यावं, याहून मोठी इच्छा मला त्या वयात नव्हती.

असाच एक रविवार आहे. आई उखळात शेंगाचटणी कुटते आहे आणि दारात एक माणूस उभा आहे. सोलापूरच्या पूर्व भागातला, यंत्रमागावर काम करणारा, तेलुगू वळणाने मराठी बोलणारा. कारखान्यातलं सूत चोरीला गेलं म्हणून त्याला संशयावरून ठाण्यात नेलं होतं, एवढं मी तुमच्या बोलण्यातून ऐकलेलं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली आहेत. तो चिडलेला नाही, आणि तेच मला विचित्र वाटतं. उंबऱ्याबाहेरूनच म्हणतो, "साहेब, माझ्या अर्जाचं काय झालं, तेवढं सांगा की." तुम्ही मान वर न करता म्हणता, "तथ्य न्हाय निघालं." तो विचारतो, "म्हंजे?" तुम्ही पुढची ओळ लिहायला घेता. आई मुसळ बाजूला ठेवते, त्याला आत बसवते, पुढ्यात भाकरी आणि ताजी चटणी ठेवते. तो डाव्या हाताने भाकरी मोडायला लागतो. मी दहा वर्षांची, उचलली जीभ लावली टाळ्याला. विचारते, "अप्पा, यांच्या हाताला काय झालं?"

"मागात अडकला," तुम्ही म्हणता.

तो माणूस आधी तुमच्याकडे बघतो, मग माझ्याकडे. माझ्या रिबिनींकडे बघतो. मग मान खाली घालून म्हणतो, "व्हय बाळ, मागात अडकला." तुम्ही मला ओरडता, मोठ्यांच्यात बोलायचं नाही, जा आत. मी आत जाते, पण आपल्या क्वार्टरला आत असं कितीसं होतं? तो गेल्यावर आई म्हणाली, "भाकरी घातली म्हंजे झालं का?" तुम्ही म्हणालात, "खरं लिहिलं तर उद्या बदली करून नातेपुत्याला टाकतील. पोरीची शाळा? तुझं दुखणं? कुटं कुटं पळू?" आणि मग तुमचे ते दोन कानडी शब्द, "इरली बिडू." असू दे, सोड. आपल्या घरात ते आले की विषय संपायचा. त्यानंतर मात्र तुम्ही घरी कधी अहवाल लिहिला नाहीत. मी पाटी घेऊन बसले तरी तुम्ही म्हणायचात, आपल्या मास्तरांचं वळण गिरव.

त्या विणकराला तुमच्या उंबऱ्याशिवाय दुसरं दार नव्हतं. आता आहे, अप्पा. सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावलं, राज्यांनी आपल्या चालीने वेळ घेतला, आणि शेवटी आपल्याकडे कायद्यात कलमं आली. आता पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारी ऐकायला एक प्राधिकरण आहे. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. सदस्यांत एक निवृत्त पोलीस अधिकारी असतोच, पण बाहेरची माणसंही असतात. साक्षीदाराला बोलावता येतं, शपथेवर विचारता येतं. तुम्ही हसाल म्हणून आधीच सांगते, शिक्षा देता येत नाही. अहवाल सरकारकडे जातो, आणि सरकारला पटला नाही तर कारण लिहून तो नाकारण्याचीही सोय कायद्यातच ठेवलेली आहे. दार करून दिलं, पण कडी आपल्याकडे ठेवली. तरीही दार ते दारच. मी त्यातून लोकांना आत नेते.

माझा अशील उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या गावातला, मासे धरणारा पोरगा. काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी चोरीला जात होत्या, म्हणून याला उचललं. दोन रात्री ठेवलं, नोंद कुठेच नाही. सुटला तेव्हा डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं होतं. खरे चोर पुढे दुसरीकडेच सापडले. ठाण्यातला कॅमेरा त्या वेळी बंद होता. कॅमेऱ्यांना नेमकी अशाच वेळी झोप लागते. आणि पोलिसांचं लेखी म्हणणं काय, तर पोरगा लहानपणापासून पाण्यात बुड्या मारतो, कान त्यानेच गेला. मी ते वाचलं आणि बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. बघणारा एकच माणूस होता, त्या दिवशी कोठडीवर पहाऱ्याला असलेला शिपाई. त्याला बोलवा, असा अर्ज मीच दिला. तो फिरला तर पोराची केस तिथेच संपणार होती.

सुनावणीआधी व्हरांड्यात तो माझ्याजवळ आला. तुमच्यासारखाच सडपातळ, तेल लावून चापून बसवलेले केस. म्हणाला, "ताई, तुमचे वडील खात्यात हुते न्हवं? मग तुमाला येगळं काय सांगू. माझी पोरगी धावीला हाय." मी कोटाच्या खिशाचं झाकण उगाच सारखं करत राहिले.

आत मी प्रश्नांची लांबलचक तयारी करून गेले होते, पहाऱ्याची वेळ, चाव्या कुणाकडे, कोठडीत कोण कोण. शिपाई उभा राहिला आणि त्यातलं काहीच तोंडात येईना. माझ्या तोंडून निघालं, "याच्या कानाला काय झालं?"

माझ्यामागे पोराची आई खुर्चीच्या अगदी कडेला बसलेली, पदराचं टोक मुठीत धरून. 'पाण्यात बुड्या मारून' असं शिपाई आता म्हणणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्याचे ओठ तसे हललेही. तेवढ्यात पोराने मान वळवली. चांगला कान पुढे करून तो ऐकायला बसला. शिपायाने ते बघितलं. म्हणाला, "मारलं त्याला. दोन डाव कानाखाली. आमच्या साहेबांनी. मी दाराशीच हुतो."

बाहेर आल्यावर पोराच्या आईने शिपायाला गाठलं. मला वाटलं, पाया पडेल. तिने विचारलं, "बाबा, आता तुझं रं काय?" तो म्हणाला, "बघू की, मावशी."

प्राधिकरणाने तक्रार खरी धरली. अहवाल सरकारकडे गेला, त्यावर उत्तर अजून यायचं आहे. शिपायाची बदली मात्र आली, मंगळवेढ्याच्याही पलीकडे, कारण 'प्रशासकीय'. साक्षीदाराला त्रास होऊ नये म्हणून प्राधिकरण सरकारला सल्ला देऊ शकतं, त्यासाठीही मी अर्ज केला आहे. सल्लाच तो. शिपायाचा फोन आला होता. पोरगी परीक्षेपुरती मावशीकडे राहील म्हणाला. माझ्याबद्दल एक वाकडा शब्द बोलला नाही. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

हे पत्र कोटाच्या खिशात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे टाकणार? आई होती तोवर तिलाही हे सांगता आलं नसतं. तो "मी दाराशीच हुतो" म्हणाला तेव्हा पोराची आई रडत होती, आणि मला त्या विणकराची बोटं आठवायला हवी होती. आठवली, पण नंतर. आधी मला आपलं क्वार्टर आठवलं, माझी शाळा, हा कोट. आणि मनात आलं, बरं झालं अप्पा, त्या रविवारी तुम्हाला विचारणारी फक्त मी होते.