वळणावरचा ब्रेक

हामामात्सु

चिझुरूताई,

तुला आणि आईला नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे? तुमच्याकडे अजून बर्फ पडतोय का?

रविवारी बाबांना ट्रॅकवर नेलं होतं. नव्या मोटरसायकली चालवून बघायचा दिवस होता. बाबा खुशीत होते. मोठा वाडगाभर उडॉन नूडल्स संपवल्या, हे आईला आवर्जून सांग.

नाव नोंदवणाऱ्या माणसाने बाबांना ओळखलं. लहानपणी त्यांच्या शर्यती बघायला यायचा म्हणे. माझ्याकडे बघत त्याने विचारलं, "हा तुमचा मुलगा का?"

बाबा म्हणाले, "मुलगा होता, तो याच ट्रॅकवर गेला. हा उरलाय."

तो बिचारा ओशाळला. मीच हसून हेल्मेट मागितलं.

ताई, लायसन्स मी बाबांसाठीच काढलं होतं गं. काझुमादादा पडला त्या वळणावर माझा हात आपोआप ब्रेकवर गेला. गाडी इतकी मंदावली की मागचे लोक हसत पुढे निघून गेले.

परत आलो तर बाबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

"घाबरलास. काझुमाने तिथे कधी ब्रेक दाबला नाही."

"म्हणूनच तो नाहीये, बाबा."

बोललो आणि जीभ चावली. बाबा शांतपणे म्हणाले, "त्याच्याऐवजी तू गेला असतास, तर मी इतका रडलो नसतो."

मग त्यांना उठवून गाडीत बसवलं, पट्टा लावून दिला.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. एवढंच सांग, की शूजीने मोटरसायकल चालवली, तो सुखरूप परत आला, आणि बाबा त्याची वाट बघत होते.

तब्येतीला जप.

तुझा धाकटा,
शूजी