एक पडदा आणि संध्याकाळचे सात

गुरुवार, संध्याकाळ

आज आलं: मॉनिटर एक, रिमोट एक, वायरी दोन. चौदा हजार, सूनबाईच्या पगारातून. "आई, हाच टीव्हीपण आहे, जुना काढून टाकू," म्हणाली. ओट्यापाशी उभी राहून पाहिलं, तिथूनही पडद्यावरच्या देवाचा चेहरा लख्ख दिसतो. आवाज बारीक, पण चालेल. वस्तू चांगली, माझं मत पक्कं. नव्या वस्तूला पूजेचं कुंकू मात्र अजून लावलं नाही. सातला टीव्हीवर माझं कीर्तन, सातलाच याच पडद्यावर तिची ऑफिसची मीटिंग. कीर्तन सोडू का? नाही सोडणार. आणि कुंकू लागलं की दुकानदार परत घ्यायचा नाही. आत्ता ती पडद्यासमोर बोलतेय, म्हणून तिच्या चहाच्या कपाखाली चिठ्ठी सरकवली: "मीटिंग आठला सरकते का? कुंकू थांबलंय. उलट टपाली कळव."