राग आवरा : जागा मर्यादित

३ मार्च, सोमवार
सकाळी पहिलाच फोन. मशीनने मोजा खाल्ला. एकच. दुसरा बाईंनी पुरावा म्हणून जपून ठेवलाय. म्हटलं, माफ करा मॅडम. ते वॉशिंग मशीन मी बनवलं नाही, विकलं नाही, माझ्या घरी या कंपनीचं मशीनसुद्धा नाही. तरी माफी मी मागायची! तक्रार विभागात बावीस वर्षं न केलेल्या चुकांची माफी मागतोय. (केलेल्यांची कधी मागत नाही, असं बायको म्हणते. तो विषय वेगळा.)
आता बस्स.

४ मार्च
माझं खरं क्षेत्र सापडलं! दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकतो, आवाज चढत नाही. इतका शांत माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. ही कला लोकांना शिकवायची. राग आवरण्याचा वर्ग काढणार. बायकोला सांगितलं. ती हसली. मी ताट बाजूला सरकवलं. ताट खाली पडलं. त्यात राग नव्हता. टेबल गुळगुळीत आहे.

७ मार्च, शुक्रवार
राजीनामा दिला. भाषण पाठ होतं. 'साहेब, तुमच्या या कंपनीने एका माणसाचं मातेरं केलं...' साहेब फोनवर. बोटाने खूण केली, ठेवा तिथे. ठेवला. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला.
तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर पडताना दार आपटलं. पण त्या दाराला वर ती दांडी बसवलेली आहे. आपटत नाही, हळूहळू मिटतं. पूर्ण मिटेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत होतो.

९ मार्च, रविवार
जिन्यात बोर्ड लावला. 'राग आवरा. जागा मर्यादित.' खालच्या मजल्यावरच्या डेंटिस्टने विचारलं, शिकवणार आहात की शिकणार? असल्या माणसांकडे दुर्लक्ष करायचं असतं. केलं. संध्याकाळी त्याची गाडी माझ्या जागेवर दिसली, तेव्हा फक्त दोन शब्द बोललो. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी म्हणे खिडक्या लावून घेतल्या.

१२ मार्च
नोटिशीचा महिना भरतोय. साहेब राजीनाम्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. धसका घेतला असणार. कॅन्टीनमध्ये दोनदा हसताना दिसले. नाटक!

१६ मार्च, रविवार
पहिला वर्ग, आमच्या हॉलमध्ये. डेंटिस्ट, आजी, मेहुणी आणि... साहेब! बायकोने परस्पर बोलावलेलं.
सुरुवात झकास. 'राग म्हणजे काय?' असं विचारलं. डेंटिस्ट म्हणाला, उदाहरण द्या. आजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मेहुणी फिस्सकन हसली. पुढचं नीट आठवत नाही. खडू फेकला हे खरं, पण कुणाला लागला नाही. फळा पडला तो स्वतःच्या वजनाने.
बायकोने सगळ्यांना पाणी दिलं आणि मला आतल्या खोलीत पाठवलं. मग तीच बोलत बसली त्यांच्याशी. दीड तास एकही जण उठला नाही. साहेब तर दर दोन वाक्यांनी 'खरंय वहिनी' म्हणत होते. मी कान लावला नव्हता. दार पातळ आहे.

१७ मार्च, सोमवार
साहेबांना स्पष्टच विचारलं, माझ्या राजीनाम्याचं काय?
म्हणाले, "अहो, पुढे पाठवलाच नाही. दर मार्चमध्ये देता, एप्रिलमध्ये परत नेता."
दर मार्च ही शुद्ध अतिशयोक्ती. गेल्या वर्षी फेब्रुवारी होता.
मी म्हटलं, या वेळी गोष्ट वेगळी आहे. ते म्हणाले, "बरं. पुढच्या रविवारी वर्ग वहिनीच घेणार ना?"

१८ मार्च
बायकोला बजावलं, कल्पना माझी आहे. ती म्हणाली, हो, तुमचीच. खुर्च्या कमी पडतील, शेजारून आणाल का?
नाही म्हणालो. ठणकावून.

२३ मार्च, रविवार
शेजारून सहा खुर्च्या आणल्या. त्याही पुरल्या नाहीत. मी मागे, उभा.
बायको म्हणाली, राग बहुतेक वेळा राहून गेलेल्या गोष्टीचा असतो. एकेकाने सांगा, खरं काय व्हायचं होतं? साहेबांना बस चालवायची होती. डेंटिस्टला घरं बांधायची होती. आजींना पोहायचं होतं, लांब, किनारा दिसेनासा होईपर्यंत.
मग माझी पाळी. ऐकाच आता, म्हणून पुढे झालो. इतकी वर्षं ज्याच्यासाठी धुमसतोय, या कंपनीने जे माझ्याकडून हिसकावून घेतलं, ते एकदाचं सांगायला तोंड उघडलं.
काही आठवेना.
सगळे थांबलेले. बायकोसुद्धा. ती इतक्या मायेने पाहत होती की आणखीनच चीड आली.
"फार उकडतंय," म्हणालो आणि पंखा वाढवायला गेलो.
पंखा पाचवरच होता.