लिटरला तेरा

३ जानेवारी

“दवाखान्याच्या गाड्या चालवणाऱ्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो! थंडी खाता तुम्ही, आणि पेट्रोल खाल्ल्याचा आळही तुमच्यावरच!”

सुरुवात हीच. आता ब्रह्मदेव आला तरी बदलायची नाही. सकाळी गाडीत बसून तीनदा म्हटली. तिसऱ्या खेपेला माझ्याच अंगावर काटा आला.

धाकट्या लेकीला काल पत्र मिळालं. मोठ्या दवाखान्याच्या सहा नव्या हायब्रिड एसयूव्ही आहेत, त्यातली एक तिच्या ताब्यात. रोज अकरा उपकेंद्रं. जाताना औषधं, येताना रक्ताचे नमुने. सहा चालकांत बाई एकटी हीच. पत्रात लिहिलंय – कंपनी लिटरला बावीस किलोमीटर सांगते, तुमची गाडी तेरा देते. चोवीस तारखेला लेखी जबाब घेऊन हजर राहा. जबाब पटला नाही तर गाडी काढून घेऊ, भांडारात बसवू.

भांडारात! घाटातल्या बर्फावरून गाडी खेळण्यासारखी काढणारी पोर कापसाची बंडलं मोजत बसणार!

वाहनविभागाचे साहेब – चालक त्यांना मागून ‘थेंबमोजे’ म्हणतात – तिला तोंडावर म्हणाले, “ताई, हे पेट्रोल गाडीच पिते ना? की कुठे मुरतंय?” हिने काय उत्तर द्यावं? “मोजून सांगते, साहेब.” बस्स, एवढंच!

मी म्हटलं, सभा घेऊ. अजून माझ्या एका हाकेवर शंभर चालक जमतील. तर म्हणते, “बाबा, सभा नको. आकडा हवा.”

आकड्याने कधी कोणाचं रक्त तापलंय?

५ जानेवारी

उणे सहा. काचेवर बोटभर हिमकण.

एकतीस वर्षं बस चालवली. त्यातली बावीस वर्षं चालकसंघटनेचा अध्यक्ष म्हणून भाषणं केली. पहिल्या दिवशी उस्तादाने शिकवलं होतं – थंडीत इंजिन तापल्याशिवाय चाक हलवायचं नाही. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. ते व्रत मी आजही पाळतो, आता लेकीच्या गाडीसाठी. पावणेसहाला दाढी उरकून खुंटीवरची किल्ली घेतो, गाडीत बसतो, बटण दाबतो, हिटर पूर्ण सोडतो. ती सहा पंचवीसला येईपर्यंत काच स्वच्छ, सीट उबदार.

आणि तेवढ्या वेळात भाषणाची तालीम. घरात सोय नाही. बायको म्हणते, “अहो, भिंतींना कान असतात म्हणतात, त्यांची तरी दया करा! जा गाडीत.”

गाडी मात्र झकास. उभी असली की म्हणे बॅटरीवर चालते. आवाज नाही, धूर नाही. आमच्या बसचं इंजिन अख्ख्या आळीला उठवायचं. इथे मीच काय तो गरजतो!

८ जानेवारी

आज पेट्रोलपंपावर तिच्याबरोबर गेलो. लेक मोजते कशी ते पाहिलं, आणि छाती दोन बोटं फुगली.

गाडीच्या पडद्यावर १४.६ लिहून येतं. ती त्याच्याकडे बघतही नाही. म्हणते, “पडद्याला स्वतःचं कौतुक करायची सवय आहे, बाबा.” तिची पद्धत अशी – पंप तोच, नळी तीच, गाडी उभी करायची जागाही तीच. टाकी भरताना पहिल्यांदा ‘टक्’ झालं की थांबायचं. वर एक थेंब नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या ‘टक्’पर्यंत. मधले किलोमीटर भागिले आत गेलेलं पेट्रोल. आलं १३.१.

मग हिमात गुडघे टेकून चारी चाकांची हवा तपासली. थंडीत हवा आकसते, चाकं मऊ पडतात, पेट्रोल जास्त जातं. पंपावरचा माणूस म्हणाला, “ताई, एवढं कोण बघतं?” ती म्हणाली, “ज्याच्यावर आळ येतो तो बघतो.”

काय वाक्य आहे! माझ्या भाषणात घातलं तर चोरी होईल का?

एका काठीच्या सावलीवरून पृथ्वीचा घेर मोजणाऱ्या माणसाबद्दल मी कितीदा वाचलंय, कितीदा व्यासपीठावरून सांगितलंय. तसलंच एक माणूस माझ्या घरात जेवतं, हे आज कळलं.

९ जानेवारी

घातलं. तिची परवानगी न घेता.

१२ जानेवारी

विजय! निदान पाऊण विजय.

धाकटीने बाकीच्या पाचही चालकांना तिच्या पद्धतीने मोजायला लावलं होतं. आज सगळे आमच्या ओट्याजवळ उभ्या उभ्या चहा पीत आकडे वाचत होते. कोणाचे १५.८, कोणाचे १६.३. बावीस एकाचेही नाहीत! म्हणजे कागदावरचे बावीस उन्हाळ्यातले, सपाट रस्त्यावरचे, हिटर बंद ठेवून काढलेले. हिवाळ्यात सहा तर सरळ थंडीच खाते.

ती मग समजावून सांगू लागली. मोठी माणसं शाळकरी पोरांसारखी ऐकत होती. थंडीत बॅटरी आखडते. उतारावर ब्रेक मारताना जी वीज परत मिळते ती नीट साठत नाही. उपकेंद्रं जवळजवळ – इंजिन तापतं न तापतं तोच थांबा. आणि हिटर! “हिटरची ऊब बॅटरीतून येत नाही. इंजिनाच्या गरम पाण्यातून येते. म्हणून हिटर लावला की गाडी उभी असली तरी इंजिन मधून मधून सुरू होतंच.” हे सांगताना माझ्याकडे बघत होती. शाब्बास, मी मान डोलावली. हे वाक्य भाषणात हवंच! थेंबमोज्यांना विचारायला हवं – साहेब, स्वतःच्या खोलीत शेगडी लावून बसता आणि थंडीचा हिशेब चालकाकडे मागता? काखेत कळसा अन् गावाला वळसा!

एक खोच राहिली. सगळ्यांचे सोळा, हिचे तेरा. सर्वांत जुने चालक, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते म्हणाले, “तुझ्या गाडीला आमच्यापेक्षा जास्त थंडी वाजते का गं?” सगळे हसले. ती हसली नाही.

उन्हाळ्यात हिचे २१.४ होते. सहा जणांत पहिली! हे मात्र मी सगळ्यांना दोनदा ऐकवलं.

१५ जानेवारी

उणे नऊ. भाषण पंचेचाळीस मिनिटांवर गेलंय. एक शब्द कापवत नाही.

१६ जानेवारी

जेवताना धाकटी म्हणाली, “बाबा, काही दिवस सकाळी गाडी तापवली नाही तर?”

मी म्हटलं, एकतीस वर्षांचा अनुभव आहे माझा. गार इंजिनावर चाक हलवणं म्हणजे झोपलेल्या माणसाला ओढत पळवणं!

“ही इंजिनं वेगळी असतात, बाबा. सुरू केली की हळूहळू चालवत न्यायची, वाटेतच तापतात.”

“आणि माझ्या लेकीने हिमासारख्या सीटवर बसायचं?”

तिने आईकडे पाहिलं. आईने भाताकडे. “बरं,” म्हणाली, आणि ताक वाढलं मला.

१८ जानेवारी

घसा बसला. पूर्ण! काल शेवटच्या परिच्छेदावर जास्त जोर लावला, त्याची फळं. मिठाच्या गुळण्या चालू. ही म्हणाली, “लग्नानंतर पहिल्यांदाच घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय.”

तरी सवयीने पावणेसहाला गाडीत गेलोच. बटण दाबलं, हिटर सोडला. तोंड उघडलं – नुसती हवा. मग बसून राहिलो गप्प.

आणि ऐकलं.

पायाखाली हलकी थरथर. पुढून एक मंद, घोगरा, एकसारखा आवाज. मांजर गुरगुरावं तसा. आधी वाटलं पंखा. खाली उतरून बॉनेटवर हात ठेवला. मागे गेलो – नळीतून पांढरी वाफ.

इंजिन.

पुन्हा बसलो. मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. मधेच थांबायचं, दोन-तीन मिनिटांनी आपोआप सुरू व्हायचं. चाळीस मिनिटांत एकोणतीस मिनिटं चाललं.

माझ्या कानांना डिझेलची डरकाळी म्हणजेच इंजिन. हे बिचारं रोज हळू आवाजात सांगत होतं – पेट्रोल जळतंय, पेट्रोल जळतंय. आणि मी त्याच्या वरच्या पट्टीत ओरडत होतो – पेट्रोल चोरलं कोणी? पेट्रोल चोरलं कोणी?

सहा पंचवीसला ती आली. “थँक्यू बाबा, छान ऊब आहे.” सांगायला तोंड उघडलं. आवाज नाही. कागद-पेन्सिल घरात होती. मी आणायला गेलो नाही.

घसा बरा झाला की सांगू, असं स्वतःला म्हटलं. भित्र्याला निमित्त बरोबर सापडतं.

१९ जानेवारी

गाडीत गेलो नाही. अंथरुणात पडून खिडकीतून पाहिलं. स्वतःच काच खरवडली तिने. दोन मिनिटं. निघून गेली.

२१ जानेवारी

अजून आवाज नाही. तिसरा दिवस, गाडी कोणी तापवली नाही. आज ती पंपावरून आली, वही उघडून उभ्यानेच म्हणाली, “सोळा पॉइंट चार. तीन दिवसांचं माप कच्चं असतं म्हणा.”

सोळा पॉइंट चार! मामांपेक्षा जास्त, सगळ्यांपेक्षा जास्त! हिवाळ्यातसुद्धा माझी धाकटी पहिली! ओरडून अख्खी आळी गोळा करावी असं वाटलं.

तिने कारण विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

२३ जानेवारी

उद्या सुनावणी. आज ती कामावर असताना तिच्या टेबलावर जबाब पाहिला. चार पानं, सुरेख अक्षर. एकही विशेषण नाही. सहा गाड्या, तारीखवार तापमान, किलोमीटर, टाकीत गेलेलं पेट्रोल. बावीसचे सोळा का होतात ते दहा ओळींत. मी पंचेचाळीस मिनिटांत जे सांगितलं नसतं, ते दहा ओळींत! आणि तिन्ही ऋतूंत चालकाने काय करावं, याची छोटी यादी. वाचता वाचता अभिमानाने डोळे भरून आले.

मग शेवटची ओळ.

“माझ्या गाडीचा आकडा इतरांपेक्षा तीनने कमी आहे, कारण रोज निघण्यापूर्वी सुमारे चाळीस मिनिटं मी ती उभ्यानेच तापवत होते. ही माझी चूक आहे.”

खाली सही. तारीख – तेरा जानेवारी.

तेरा! मला कळलं अठराला.

बायको दारात उभी होती. म्हणाली, “गाडीत आकडा येतो म्हणे, बटण दाबल्यापासून किती वेळ झाला त्याचा. रोज निघतानाच चाळीस मिनिटं झालेली दिसायची. तिने ओळखलं. मी म्हटलं, सांगून टाक बापाला. तर म्हणाली, ‘आई, रिटायर झाल्यापासून दोन वर्षं बाबा खुर्चीतून उठत नव्हते. आता पहाटे दाढी करून बाहेर पडतात. मी काय सांगू त्यांना?’”

मी जबाब होता तसा टेबलावर ठेवला.

पण ही ओळ तशीच गेली तर थेंबमोजे बाकीची चार पानं उलटणारही नाहीत. एका कबुलीवर गाडी काढून घेतील. भांडार. कापूस. आणि सगळ्यांत पहिली आलेली माझी लेक सगळ्यांत शेवटची म्हणून दप्तरात राहील.

२४ जानेवारी, पहाट

किल्ली खुंटीवर. मी स्वयंपाकघरात. आवाज अर्धा परतलाय – तेवढा पुरे.

माजी बसचालका, माजी अध्यक्षा, आणि या गाडीच्या एकमेव पेट्रोलचोरा! तुझी तक्रार एकच होती – निर्दोष माणसावर आळ येतो. अकरा वाजता सुनावणीच्या खोलीत लेकीच्या पुढे शीर. तिच्या हातातला जबाब घेऊन शेवटची ओळ खोड. “किल्ली तिने दिली नव्हती, मी घेत होतो,” एवढं स्वतःच्या हाताने लिही आणि खाली सही कर. भाषण करू नकोस.